बैल जिथे थांबायचा

भुतं मला पटत नाहीत. पटत नाहीत म्हणून भीती वाटत नाही, असं मात्र नाही. लहानपणी मळ्याच्या वाटेवरच्या चिंचेखालून जायची वेळ आली की बाकीची पोरं देवाचं नाव घ्यायची आणि मी मोठमोठ्याने शिव्या देत पळायचे. आमचे वडील, म्हणजे आबा, म्हणायचे, "हिच्या तोंडाला भूतच भिऊन पळंल." त्याच आबांच्या बाबतीत असलं काही मानायची पाळी माझ्यावर येईल, असं तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर त्यालाही मी दोन शिव्या दिल्या असत्या.

आमचं गाव अणदूरपासून पुढे. मला लोहाऱ्याला दिली आहे. तिथे माझं शिवणकामाचं छोटं दुकान आहे, आणि सणावाराला जीप धरून मी माहेरी जाते. माहेरी आई, धाकटा भाऊ आणि एक बैल. पूर्वी जोडी होती. त्यातला एक म्हातारा होऊन गेला, शेताची कामं ट्रॅक्टरवर गेली, आणि उरलेला बैल विकून टाकू असं भाऊ म्हणाला. आबांनी उलट त्याच्यासाठी एका बैलाची गाडी करून घेतली. चारा आणायचा, खत टाकायचं, एवढंच तिचं काम. भाऊ चिडवायचा, "आबा, मोटारसायकलवर दोन खेपात हुतंय की ह्ये." आबा म्हणायचे, "व्हय, आन मोटारसायकल शेण देती का?"

बैलाकडे कसं बघायचं, हे मला आबांनी शिकवलं. मी लहान असताना बैलाच्या नाकासमोर उभी राहायचे. ते मला दंडाला धरून बाजूला ओढायचे. "म्होरं हुबी राहू नगं. त्याला तू दिसत न्हायस." बैलाचे डोळे दोन बाजूंना. उजवीकडचं कुत्रं आणि डावीकडचा गवताचा भारा त्याला एकदम दिसतो, मागून कुणी चोरपावलांनी आलं तरी कळतं. पण अगदी नाकासमोर जे असतं ते त्याच्यासाठी नसतंच. तिथे कुणी आहे असा नुसता वास आला, आवाज आला, की तो मान वर घेतो, हनुवटी आत ओढतो, पुढचे दोन पाय रोवतो आणि दोन्ही कान पुढे करून फुरफुरतो. मग आबा सरकून त्याच्या डाव्या खांद्याजवळ जायचे, जरा खोकायचे, आणि बैल निवांत चालायला लागायचा. आबा जन्मभर त्याच खांद्याजवळून चालले. मधूनमधून खोकायचे, ते त्यांना खोकला होता म्हणून नाही, मी इथेच आहे हे त्याला कळावं म्हणून.

नवरात्राचे नऊ दिवस आबा अनवाणी राहायचे. आमच्याकडे पुष्कळ लोक राहतात, तुळजापूरच्या देवीसाठी. त्या वर्षी पाऊस नुकताच उघडला होता, काळी माती पायाला ओढत होती. घराकडून विहिरीकडे जाणारी गाडीवाट मध्ये एका ठिकाणी पाण्याचा पाट ओलांडते. तिथे आबा पडलेले सापडले. बैल गाडीसकट जरा लांब, तुरीच्या कडेला उभा होता. कासरा खाली लोंबत होता. तोंडापाशी हिरवी तूर होती, पण त्याने एक पानही तोडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. वय झालेलं, वर उपास. आम्हीही तेच धरलं, दुसरं काही धरायचं कुणाला सुचलं नाही.

दहावा-तेरावा झाला. भावाने गाडी जुंपली आणि तो विहिरीकडे निघाला. पाटाजवळ बैल थांबला. मान वर, हनुवटी आत, पाय रोवलेले, कान पुढे. समोर वाट मोकळी होती. भावाने ओढलं, ढकललं, शेपटी पिळली. बैल थरथरत होता पण पाऊल टाकत नव्हता. मी मागे उभी होते, आणि ते उभं राहणं माझ्या ओळखीचं होतं. नाकासमोर माणूस आलं की तो अगदी असाच उभा राहायचा.

आई म्हणाली, "त्याला मारू नगंस. त्ये हायेत तितं."

भाऊ काही बोलायला गेला तर ती त्याच्यावर करवादली, "वळसा घाल म्हणती ना. बापाच्या अंगावरनं गाडी न्हेतूस का?"

त्या दिवसापासून गाडी तुरीतून वळसा घालून जायला लागली. आईने पाटाच्या कडेला एक धोंडा आणून ठेवला, त्याला शेंदूर लावला. गावात बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? माणसं बैल बघायला यायची. धोंड्यापाशी आली की चपला बाजूला काढायची, हात जोडायची. आई रोज सकाळी तांब्याभर पाणी धोंड्यावर ओतायची आणि तिथे अनवाणी, डोळे मिटून उभी राहायची. आबा तिथे रोज असायचेच असं नाही. काही दिवस बैल खुशाल सरळ निघून जायचा. अशा दिवशी आई म्हणायची, "गेले आसतील तुळजापूरला. बसत्यात व्हय एका जागी." आणि हसायची. आबांच्या माघारी ती इतकं हसेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. भाऊ म्हणाला, "आक्का, कायबी आसू दे. म्हातारी जेवती, झोपती. तू मधी तोंड घालू नगं."

मी तोंड घातलं नाही. पण मला चैनही पडेना. दुकानात मशीन चालवताना मधूनच तो थांबलेला बैल डोळ्यांसमोर यायचा आणि शिवण वाकडी जायची. माहेरी गेले की मी धोंड्यापासून चार हात लांब, चपला घालून उभी राहायचे. ज्या माणसाशी मी कापडाच्या रंगावरून भांडले, ज्याने माझ्या लग्नात मांडवामागे जाऊन डोळे पुसले, त्याला शेंदूर फासून नमस्कार करणं मला जमत नव्हतं. त्याहून मोठं कारण सांगते. मला राग आला होता. बैलाला दिसतात, आईला भेटतात. मी त्यांची लेक. मला काहीच का कळत नाही?

एकदा मला भाजी निवडायला शेजारी बसवून आईने हळूच सांगितलं, "तुला म्हणून सांगती. तितं हुबं राह्यलं की माज्या पायाला मुंग्या येत्यात. आदी निस्त्या तळव्याला यायच्या. आता गुडघ्यापतूर येत्यात."

"तुझं वय झालंय, आई. रक्त चालत नसंल पायात."

"घरात येत न्हाईत गं. तितंच येत्यात. आन त्ये तुळजापूरला गेलेल्या दिवशी येत न्हाईत." तिचा चेहरा नव्या नवरीसारखा झाला होता. मी खाली बघून शेंगा सोलत राहिले.

पहिल्या वर्षी दुखवटा म्हणून येळवस केली नव्हती. दुसऱ्या वर्षी आईने हट्टाने केली. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या; त्या दिवशी आमच्या भागात घरं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी केली, आत पाच दगडांचे पांडव मांडले, भज्जी, खीर, उंडे, आंबिलीचं मडकं सगळं गाडीतून आणलं. बैल पाटाशी थांबला, मग वळसा घालून आला. आईने त्याला पहिला घास भरवला. "हायेत आज," ती मला म्हणाली. "आजच्या दिवशी कुटं जातील?"

येळवसीला वाटेने जाणाऱ्या कुणालाही उपाशी जाऊ देत नाहीत. पंगत बसायच्या वेळेला विहिरीकडच्या अंगाने एक धनगर मेंढरं घेऊन आला. लांबचा माणूस, आमच्या गावचा नव्हे. भावाने हाळी दिली, "पावणं, आंबील पिऊन जावा." त्याने हात वर केला आणि मेंढरं आमच्या वाटेला घातली. मेंढरं काही समोरचं बघून चालत नाहीत, पुढचीच्या मागे मागची एवढंच त्यांचं चालणं. पुढे एक शिंगं वळलेली थोराड मेंढी होती. ती धोंड्याजवळ आली, एक पाय टाकला, आणि चटका बसावा तशी मागे उडाली. मग तिने डावीकडून वाट काढली. मागच्या फुटल्या. अर्धी मेंढरं धोंड्याच्या या बाजूने, अर्धी त्या बाजूने, आणि मध्ये माणूस पडलेला मावेल एवढी जागा मोकळी.

आई उठून उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बघ," ती म्हणाली, "मेंढरास्नीबी दिसत्यात."

मी हरले. त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही. बैलाला आबांची सवय होती, असं मी आजवर मनाला समजावत आले होते. या मेंढरांनी तर त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. मी मेंढरांमधून वाट काढत धोंड्यापाशी गेले. आयुष्यात पहिल्यांदा तिथे चपला काढल्या आणि ओल्या मातीत पाय ठेवले.

तळव्यांना मुंग्या आल्या. पोटऱ्यांपर्यंत चढल्या. मी "आबा" म्हणाले. लाज वाटायचं कारण नाही, म्हणाले. आणि ते होते. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण तेवढा वेळ माझे वडील तिथे होते, आणि मला इतकं रडू आलं की ते गेले तेव्हाही आलं नव्हतं.

मग पाटात पडणाऱ्या पाण्याचा आवाज बंद झाला. त्याच क्षणी माझ्या पायातल्या मुंग्या थांबल्या. कोपीकडून भाऊ ओरडला, "गेली का लाइट? आज सणाला तरी ठिवायची." मागे राहिलेली मेंढरं सरळ माझ्या पायाजवळून, मोकळ्या जागेतून चालायला लागली. एकीने धोंड्यावरचं झेंडूचं फूल खाल्लं.

मी तशीच उभी होते. जरा वेळाने विहिरीकडे खटका पडला, मोटार आपोआप सुरू झाली, पाटात पाणी आलं, आणि पायातून पुन्हा तीच सणक वर चढली. शेवटचं मेंढरू उडी मारून बाजूला पळालं. माझ्या शिवणयंत्राला मोटर आहे. तिचा झटका मी खाल्लेला आहे. ती मुंगी मला ओळखीची होती. चपला हातात घेऊन मी तिथून निघाले ती थेट भावाकडे.

"पाटाखालनं केबल जाती का?"

"जाती की. डीपीपासनं मोटारीच्या पेटीपतूर. आबांनीच टाकली." एवढं बोलून त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्या अनवाणी पायांकडे. त्याच्या हातातला द्रोण खाली आला. तो धावत डीपीकडे गेला आणि आमच्या लाइनच्या फ्यूजच्या ग्रिपा काढून घेऊन आला. आईला त्याने सांगितलं की मोटारीत बिघाड आहे. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ह्ये तिला सांगू नगं, आक्का. ती पौर्णिमेला तुळजापूरला जाईल तवा उकरून टाकतो. आपुआप इसरंल." मला ते पटलं. आईचं काहीही हिसकावून न घेता आई वाचत होती, याहून आणखी काय पाहिजे होतं?

मी मुक्कामाला राहिले. सकाळी आई तांब्या घेऊन निघाली, मी मागे. तिने पाणी ओतलं आणि डोळे मिटून उभी राहिली. उभीच राहिली. मग जरा सरकून दुसरीकडे उभी राहिली. मग धोंड्याच्या पलीकडे. भाऊ गाडी घेऊन आला. बैल पाटाशी आला, नाक खाली नेऊन त्याने माती हुंगली आणि सरळ निघून गेला. चाक धोंड्याला घासून गेलं.

"आज न्हाईत," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. ती जेवेना. मला विचारायला लागली, "आंबील आंबट झाली व्हती का गं? का मेंढरं त्येंच्या अंगावरनं गेली म्हणून रागावले? त्या मुक्या जनावराला म्या तरी कशी आडवणार व्हते?" मग म्हणाली, "तू बोल त्येंच्यासंगं. तुजं ऐकायचे. काय चुकलं माजं म्हणून इचार."

मला वाटलं होतं, तिचं भूत तिच्यापाशी राहू द्यावं. पण आता तिला वाटत होतं की नवरा तिच्यावर रुसून दुसऱ्यांदा गेला. ते मला बघवेना. मी तिला पाटाच्या कडेला बसवलं आणि बैलापासून सुरुवात केली. त्याच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकल्या आहेत, हे सांगितलं. त्याचे पुढचे पाय आणि मागचे पाय यांत केवढं अंतर असतं, ते हाताने दाखवलं. मातीत उतरलेला करंट पुढच्या पायातून चढतो, पोटातून, काळजातून जातो आणि मागच्या पायातून उतरतो. म्हणून माणसाला जे मुंगीएवढं, ते त्याला सोसवत नाही. आपले पाय जवळजवळ असतात आणि खाली रबरी चपला असतात, म्हणून भावाला इतके दिवस काही कळलं नाही. लाइट असली की तो थांबायचा, नसली की जायचा. तो रोज आपल्याला सांगत होता, आई. आपण त्याच्या सांगण्याला शेंदूर लावला.

आई धोंड्याकडे बघत होती. "आपले पाय जवळजवळ आसत्यात," ती म्हणाली. "चपला आसत्यात."

"व्हय."

"त्या दिवशी त्येंच्या पायात चपला न्हवत्या."

 तिने स्वतः उठून धोंडा दोन्ही हातांनी बाजूला लोटला आणि भावाला म्हणाली, "उकर."

हातभर खोल केबलचा जोड सापडला. आबांना कुठलीही वस्तू टाकून द्यायचा कंटाळा. तुटक्या दोन केबली त्यांनी जोडल्या होत्या आणि जोडावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर सुतळी बांधली होती. ट्यूब कुजून तिच्या भेगांतून तांबं दिसत होतं. सुतळीची गाठ मात्र तशीच होती. शेवटचं टोक परत आत खोचलेलं. कासऱ्याची गाठ ते अशीच मारायचे, दुसरं कुणी मारत नाही. मला त्या गाठीचा इतका राग आला की ती दातांनी तोडावीशी वाटली, आणि इतकी मायाही आली की हात लावायचं धाडस होईना. ते हृदयाने गेले की या जोडाने, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. भाऊ डॉक्टरांचं नाव घेतो. मी मशीनवर बसले की अजून त्या गाठीचाच विचार करते.

आईने चिखलातली ती गाठ बोटाने चाचपली. नवी केबल आता खांबावरून, वरून न्यायची, असं भाऊ सांगत होता. ती ऐकत नव्हती.

"दुखलं आसंल का गं त्येंना?" तिने विचारलं.

"माहीत नाही, आई."

"दुखलं आसंल." ती आपल्या तळव्यांकडे बघत होती. "आन म्या वरीसभर तितं हुबी राहून हासत व्हते."

मग ती उठली. पाटाच्या कडेला काढून ठेवलेल्या चपला तिने पायात घातल्या, आणि त्याच जागेवरून, त्याच ओल्या मातीतून, चपला न काढता घरी गेली.